अण्णांचं जोधपूर

आमचे शेजारी दिगंबरअण्णा चालता चालता दाढी करून घेत. म्हणजे अर्धी दाढी झाली की खुर्चीतून उठत, दुकानाबाहेर येत आणि साबण लावलेल्या गालानं कोपऱ्यापर्यंत फेरी मारत. मागोमाग वस्तरा घेऊन न्हावी. भिंगारच्या बाजारात या मिरवणुकीचं कुणाला नवल राहिलं नव्हतं.

"अण्णा, बसा की जरा," म्हटलं की उत्तर ठरलेलं, "बसून काय होतंय?"

चहा उभ्यानं, जेवणही ओट्याशी उभ्यानं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, तेव्हा रागवणारंही घरात कोणी नव्हतं. लष्कराच्या गोदामात आम्ही दोघं कारकून. तिथली त्यांची खुर्ची अगदी नव्यासारखी.

दुसरं वेड जोधपूरचं. गाव पाहिलेलं नाही, पण तिथल्या सणांची खबर पक्की. श्रावणात एकदम म्हणायचे, "आज तिकडं तीज. झाडांना झोके बांधले असतील." धुळवडीला सगळे रंगात असताना हे आपले, "आता तिकडं गणगौरीची गवर बसली बरं का." मारवाडकडचा एखादा जवान सामान न्यायला आला, की त्याला बाहेर गाठून विचारत, "गणगौर को क्या क्या करते? चलते चलते बताओ."

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांची एकुलती एक कुसुम जोधपूरच्या भोपालसिंग नावाच्या जवानाशी लग्न करून गेली होती. अण्णा लग्नाला गेले नाहीत. "मला मुलगी नाही," म्हणाले आणि त्या दिवसापासून एका जागी टिकेनासे झाले.

एकाहत्तरची लढाई सुरू झाली तेव्हा तर ते रेडिओभोवती फिरून बातम्या ऐकत. जावई सुखरूप परतल्याचं एका जवानानं सांगितलं. "बरं झालं," म्हणाले आणि पाण्याची भरली बादली उगाच इकडची तिकडं ठेवली.

पुढच्या चैत्रात त्यांनी मला गाठलं. "जोधपूरची गणगौर बघायचीय. चला."

"नुसती गणगौर?"

"नुसती."

मनमाड, अहमदाबाद, मारवाड जंक्शन. सगळा प्रवास अण्णा गाडीच्या दारात, काखेत हिरव्या साडीचं पुडकं. वाटेत तेच म्हणाले, "त्यांच्यात गणगौरीच्या आधी माहेरहून लेकीला साडी जाते. सिंजारा म्हणतात. आपल्याकडून कधी गेली नाही. जावांपुढं पोरीची मान खाली जात असेल हो."

जोधपुरात ऊन असं, की डोळे उघडवेनात. निळी घरं, वर किल्ला, गल्लीगल्लीत नटवलेल्या गवरी घेऊन गात चाललेल्या बायका. अण्णांनी त्यातलं काही पाहिलं नाही. कुसुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जायचे आणि माघारी फिरायचे. "उद्या जाऊ." शेवटी मीच त्यांना दंडाला धरून नेलं आणि कडी वाजवली.

दार विहीणबाईंनी उघडलं. ओढणी हनुवटीपर्यंत ओढलेली. "हम नगर से आये हैं," मी म्हणालो. त्यांनी आत हाक मारली आणि कुसुम धावत आली. थबकली. मग वाकून पाया पडली आणि उठता उठता फाडकन म्हणाली, "दर वर्षी कुणा जवानाच्या हाती सिंजाऱ्याची साडी पाठवत होतात ना? मग स्वतः यायला एवढी वर्षं का लागली, अण्णा?"

अण्णांना काही कळेना. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग विहीणबाईंकडं. बाईंनी ओढणी जराशी उचलली आणि कुसुमच्या पाठीमागून हलकेच मान हलवली. बोलू नका.

इतकी वर्षं साडी ही बाई स्वतःच्या पैशानं घेत होती आणि नाव अण्णांचं सांगत होती.

"कामं असतात गं," अण्णा एवढंच म्हणाले. मग पुडकं सोडलं आणि ती हिरवी साडी दोन्ही हातांनी विहीणबाईंच्या ओंजळीत ठेवली. जन्मभर घागरा नेसलेल्या बाई साडीकडं बघतच राहिल्या.

"अहो अण्णा, ती माझी ना?" कुसुम हसायला लागली.

"तुला दर वर्षी मिळते की," अण्णा म्हणाले. "ही यांची."