टोपी की गळपट्टा?

"टोपी आहे, पण..." असं म्हणून साहेबांनी ती लोकरीची वस्तू टेबलावर ठेवली, आणि समोर बसलेल्या नणंद-भावजयींनी एकमेकींकडे पाहिलं. कस्टमच्या कचेरीत या साहेबांना सगळे मागून पणसाहेब म्हणत. त्यांचा कुठलाच निर्णय 'पण'ची ठेच लागल्याशिवाय पुढे जात नसे.

दोघींनी मिळून पहिल्यांदाच परदेशातून माल मागवला होता. लोकरीच्या विणलेल्या नळ्या, वर ओवलेली नाडी. नाडी ओढली की टोपी, सैल केली की गळ्याभोवती गुंडाळायला पट्टा. भावजयीला ही कल्पना भारी वाटली होती. पणसाहेबांना मात्र त्याच कल्पनेने घोळात टाकलं होतं.

"टाळू झाकली तर टोपी. टाळू उघडी राहिली तर गळपट्टा. दोन्हींचे रकाने वेगळे, कर वेगळा," साहेब म्हणाले.

"अहो, जो जास्त असेल तो लावा!" नणंद कळवळून म्हणाली. "पण ठरवा एकदाचं. थंडी संपत आली. माल उन्हाळ्यात सुटला तर काय आम्ही दोघींनी घालून बसायचं दुकानात?"

"तुमचं खरं आहे, पण असं मोघम चालत नाही. समितीकडे पाठवतो."

समितीकडे गेलेला माल कधी परत येतो, हे त्या कचेरीत कुणालाच ठाऊक नव्हतं. नणंदेचे डोळे भरून आले. ते पाहून साहेबही जरा वरमले. माणूस वाईट नव्हता हो, नुसता घाबरट होता.

"बरं, एकदा घालून बघतो," ते म्हणाले. त्यांनी नळी डोक्यावर चढवली आणि नाडी ओढली. नळीचं तोंड पुरतं मिटेना, म्हणून शिपायानेही मागून हात लावला, आणि शिपायाचा हात म्हणजे पोती ओढणारा हात! कचकन गाठ बसली. साहेबांच्या भुवया वर गेल्या त्या तिथेच राहिल्या.

"काढ रे!"

शिपायाने ओढलं. टोपीऐवजी साहेबच खुर्चीतून वर आले. भावजय चटकन पुढे झाली, तसे साहेब ओरडले, "हात लावू नका! माल अजून सुटलेला नाही. परक्याने हात लावायचा नाही!"

"कात्री आणू?" शिपायाने विचारलं.

"खुळा आहेस का? नमुना कापायला वरची लेखी परवानगी लागते!"

एवढ्यात त्यांचं लक्ष घड्याळाकडे गेलं आणि तोंडचं पाणी पळालं. पाच वाजता नातीच्या शाळेत नाटक होतं. नात राजकन्या झाली होती, आणि आजोबा पहिल्या रांगेत दिसले नाहीत तर मी तोंडच उघडणार नाही, असं तिने सकाळीच बजावलं होतं. आता टोपी तर टोपी, असं म्हणून साहेब तसेच फाटकाकडे धावले.

फाटकावरच्या पहारेकऱ्याने हात आडवा केला. "साहेब, डोक्यावर काय आहे?"

"नमुना आहे रे! निघत नाहीये."

"मग नाही जाता येणार. न सुटलेला माल बाहेर न्यायचा नाही. तुमचाच हुकूम." मग त्याने हळूच विचारलं, "तुम्हालाच टोपी घातली की काय कुणी?"

साहेब तणतणत परत आले. बसले. लेखणी उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. टाळू चाचपून पाहिली. झाकलेली होती. नुसती झाकलेली नाही, कुलूपबंद होती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी 'पण' न लावता निर्णय दिला, "ही टोपी आहे." सही झाली, शिक्का बसला. दोघींनी जागच्या जागी कर भरला.

"आता माल आमचा ना?" भावजयीने विचारलं.

"तुमचाच."

तिने केसातला आकडा काढला, गाठीत घातला आणि जरासा फिरवला. गाठ सुटली.

"अहो, हे आधी का नाही केलंत?"

"आले होते की पुढे! तुम्हीच म्हणालात, परक्याने हात लावायचा नाही."

पण नाडी सुटली तशी नळी सर्रकन खाली घसरली आणि साहेबांच्या गळ्याभोवती छान बसली. टाळू चकाकत उघडी पडली. साहेबांनी गळा चाचपला, मग सहीच्या कागदाकडे पाहिलं.

"पण..." ते म्हणाले.

नणंदेने भावजयीचा हात घट्ट धरला.

"पण तुमचं दुकान कुठंय?" नळी काढून भावजयीच्या हातात देत साहेबांनी विचारलं. "उद्या नातीला घेऊन येतो. तिलाही एक घ्यायची आहे." दारापर्यंत धावत गेलेले साहेब पुन्हा वळले. "टोपी!"