ज्युलिया कोरियाच्या चारित्र्याचा तपास

‘वांद्र्यापासून विरारपर्यंत ज्याचं नाव ऐकून गुन्हेगार दिवा मालवतात तो मी, मार्तंड आठल्ये. माझी नजर भिंगासारखी, स्मरणशक्ती टीपकागदासारखी, आणि माझं नाक...’ इथे मामा थांबला आणि नाकाला एखादी उपमा सुचव म्हणाला. मी सुचवली नाही. नाकाला त्या वेळी सर्दी झाली होती.

मामाच्या आत्मचरित्राचं हे पहिलं पान. ते मी आजवर नऊ वेळा लिहून घेतलं आहे. दुसरं पान अजून यायचं आहे. मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवते, त्यामुळे नोंद बरोबर असावी एवढाच माझा आग्रह असतो. नोंद अशी की मामा रेल्वेच्या हरवलेल्या वस्तूंच्या कचेरीत अठ्ठावीस वर्षं कारकून होता. त्याच्या हातून सुमारे अकरा हजार छत्र्या गेल्या. त्यातली एकही त्याने शोधलेली नव्हती. सगळ्या दुसऱ्या कुणाला तरी सापडून त्याच्या टेबलावर आल्या होत्या. निवृत्त झाल्यावर त्याने ‘खाजगी तपास’ अशी पाटी लावली. पहिल्या वर्षात तीन प्रकरणं आली. दोन कोंबड्यांची. तिसरं घरमालकांचं, की ही पाटी त्यांच्या दारावर का लागली आहे.

घरमालक म्हणजे हर्बर्ट कोरिया. बोरिवलीच्या गावठाणात त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहतो. मामा पाच वर्षं, मी दीड. जूनच्या पहिल्या सोमवारी संध्याकाळी त्यांची मुलगी ज्युलिया एक कागद घेऊन आमच्याकडे आली. ती नुकतीच मॅट्रिक झाली होती.

अंधेरीला एका जुन्या बंगल्यात नवं कॉलेज निघालं होतं. फक्त आर्ट्स, फक्त चाळीस विद्यार्थी, आणि प्राचार्या मृणालिनीबाई प्रत्येक अर्ज स्वतः वाचतात असं ऐकलं होतं. शनिवारी बारापर्यंत अर्ज घेऊन उमेदवाराने जातीने हजर राहायचं. सोबत चारित्र्याचे दोन दाखले. एक शाळेचा, तो तिच्याकडे होता. दुसरा अशा प्रतिष्ठित गृहस्थाचा, जो नोकरीत आहे किंवा निवृत्त आहे, उमेदवाराला तीन वर्षं ओळखतो आणि नात्यातला नाही. गावठाणात साठ बिऱ्हाडं. अठ्ठावन्न ज्युलियाच्या वडिलांच्या किंवा आईच्या नात्यातली, एकोणसाठावं तिचं स्वतःचं. उरलो आम्ही, आणि माझं वास्तव्य दीडच वर्षाचं.

हर्बर्टकाकांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं की यंदा कॉलेज मिळालं तर शीक, नाही मिळालं तर सोमवारपासून बिस्किटांच्या कारखान्यात डबे भरायला जा. तिथे त्यांनी जागा धरून ठेवली होती.

चारित्र्याचा दाखला कसा देतात हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. मागणारा दारात उभा राहतो, देणारा चष्मा शोधतो, ‘यांना मी ओळखतो, वर्तणूक चांगली आहे’ अशी एक ओळ लिहितो आणि चहा होतो. तो कुणाला नाकारल्याचं ऐकिवात नाही. आमच्या शाळेची घंटा चोरून नेणाऱ्या शिपायाकडे असे तीन दाखले निघाले.

मामाने चष्मा शोधला, कागद वाचला आणि परत दिला.

“तपासाशिवाय मी सही करत नाही,” तो म्हणाला.

“पण काका, पाच वर्षं रोज बघता ना मला.”

“बघणं वेगळं, पाळत वेगळी. शुक्रवारी संध्याकाळी ये.”

ज्युलियाने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. ती गेल्यावर मी मामाला म्हटलं की काय शंका असेल ती तिलाच विचारू या. मामाने माझ्या अज्ञानाबद्दल मान हलवली. संशयिताला कधी विचारायचं नसतं, तो म्हणाला. तो खरं सांगून मोकळा होतो आणि तपासाची वाटच बंद पडते.

मंगळवारी सकाळी साडेसहाला ज्युलिया वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक चपटं पार्सल काखेत घेऊन घराबाहेर पडली, मिठागरांच्या बाजूने चालत खाडीवर गेली आणि गोराईच्या होडीत बसली. नऊ वाजता परत आली. मामाने निष्कर्ष काढायला चहा संपेपर्यंतही वेळ घेतला नाही. दारूबंदीचे दिवस, पलीकडे तिवरांचं रान, हातभट्टीचा माल, आणि पार्सलमध्ये रबरी पिशव्या. जाताना रिकाम्या, येताना भरलेल्या.

मी सांगितलं की पार्सलची जाडी जाताना जेवढी होती तेवढीच येताना होती. मामा म्हणाला की यावरून टोळी किती सराईत आहे ते दिसतं.

बुधवारी ज्युलियाने स्टेशनजवळच्या दुकानातून दोन डझन सेफ्टी पिना घेतल्या. त्याच दिवशी ती रस्त्याने ‘एक, दोन, तीन, चार, पाच, आणि आत’ असं पुटपुटत गेली. ते मामाने नाक्यावरच्या दगडी क्रुसाआडून स्वतः ऐकलं. तिथे तो दोन तास गुडघ्यांवर बसला होता. एका म्हाताऱ्या बाईने त्याच्यासमोर मेणबत्ती लावली, आणि संध्याकाळी फादर मुद्दाम घरी येऊन त्याची विचारपूस करून गेले. दारूचा सिद्धांत मामाने मोठ्या मनाने सोडून दिला. आता ती हेर होती. खाडीची खोली वावांत मोजून परकीय सत्तेला कळवत होती, आणि पिना नकाशावर टोचायला होत्या.

दोन डझन पिना एखाद्या बाईला कशाला लागतात याचा माझा एक अंदाज होता. पण साहाय्यकाने निरीक्षण करावं, अनुमान वरिष्ठ करतात, असा मामाचा नियम होता. शिवाय मामाचं लग्न झालेलं नव्हतं. काही गोष्टी त्याला मुळापासून समजावाव्या लागल्या असत्या.

गुरुवारी ज्युलिया लंगडत आली. ढोपर खरचटलेलं, केसांत वाळू, आणि होडीवाल्या मार्कसच्या कसल्याशा बोलण्यावर ती मोठ्याने हसत होती. मामाने वहीत ‘पलायन’ असा शब्द लिहून त्याखाली दोनदा रेघ ओढली. मी म्हटलं, मार्कसला चार नातवंडं आहेत. मामा म्हणाला, म्हातारपणासारखं स्वस्त वेषांतर नाही.

सोमवारपासून रोज संध्याकाळी ज्युलिया दाराशी येऊन ‘झाला का काका तपास?’ असं अदबीने विचारून जायची. गुरुवारी ती आली नाही. हर्बर्टकाका कारखान्याचा पांढरा एप्रन घेऊन आले होते. त्यांनी तो स्वतः धुतला आणि दोरीवर टाकला. ज्युलिया अर्ज मांडीवर घेऊन ओट्यावर बसली होती, आणि एप्रनमधून पाणी ठिबकत होतं. मी आत येऊन मामाला म्हटलं की आता पुरे, सही कर. तो म्हणाला, अपुऱ्या पुराव्यावर निर्दोष ठरवणं हाही अन्यायच. उद्या गोराईला जायचं आणि शेवट करायचा.

शुक्रवारी मामा मासळीचा व्यापारी झाला. डोक्याला रुमाल, हातात वेताची टोपली, कानावर पेन्सिल. मामाच्या सात पिढ्यांत कुणी मासा खाल्लेला नाही, पण ही अडचण पुढची होती. ज्युलिया गेली त्याच्या नंतरच्या होडीने आम्ही गोराईला उतरलो आणि किनाऱ्यावर एका उलट्या घातलेल्या होडीआड बसलो.

शंभर पावलांवर निळी साडी नेसलेली एक मुलगी वाळूतून चालत होती. दहा पावलं चालायची आणि पडायची. छत्री धरलेली एक प्रौढ बाई तिला काही सांगायची. मुलगी उठायची, साडी सारखी करायची, आणि मागे जाऊन पुन्हा सुरुवात करायची. मामा घड्याळ लावून वहीत नोंदत होता. जहाजाला खूण चालली आहे, तो कुजबुजला. दर पडण्याला एक अक्षर. ती ज्युलिया आहे हे त्याला ओळखू आलं नाही. त्याने तिला फ्रॉकखेरीज दुसऱ्या कशात कधी पाहिलंच नव्हतं.

मी सांगणार तोच मामाच्या खांद्यावर एक हात पडला. मागे पाच कोळी उभे होते. त्यांनी आम्हाला पोलीस पाटील गिल्बर्ट यांच्या ओसरीवर नेलं.

पाटील जाळं शिवत बसले होते. त्यांनी टोपलीकडे पाहिलं.

“कोण तुम्ही?”

“मासळीचा व्यापारी.”

“कुठली मासळी?”

“मिळेल ती,” मामा म्हणाला.

“होड्या वर काढून दहा दिवस झाले. ऑगस्टपर्यंत दर्यात कोण जात नाय. आता मासळीचा व्यापारी कशाला येईल? आता दारूबंदीचे खबरी येतात.”

मामाने मग आपली खरी ओळख सांगितली, आत्मचरित्राच्या पहिल्या पानाप्रमाणे. पाटलांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि कुणाचा तपास चाललाय ते विचारलं. मामा म्हणाला, ते गुप्त आहे. मग चौकीवर जाऊन गुप्त सांगा, पाटील म्हणाले, नाहीतर तुम्हाला ओळखणारं एखादं अब्रूदार माणूस आणा. मी पुढे झाले, पण त्यांनी हात वर केला.

“तू भाची. तू मामाचंच सांगणार. नात्यातलं नको.”

गोराईत आपल्याला ओळखणारं कुणी नाही, असं मामा अखेर पडेल आवाजात म्हणाला. मी म्हटलं, एक आहे, वाळूवर.

ज्युलिया आली. एका मुठीत पाच निऱ्या धरलेल्या, पदर खांद्यावर चार पिनांनी ठोकलेला. मागून छत्रीवाली बाई. ती तिची मावशी एथेल, गोराईच्या शाळेतली शिक्षिका. मामा कधी ज्युलियाकडे, कधी साडीकडे पाहत राहिला.

“ज्युलिया, ह्यांना ओळखतेस?” पाटलांनी विचारलं.

“ओळखते. पाच वर्षं.”

“माणूस कसा?”

पाच दिवस ज्याने तिला एका सहीसाठी झुलवलं, तो आता तिच्या एका शब्दाची वाट पाहत होता. मी ज्युलियाच्या जागी असते तर आधी सावकाश चहा मागवला असता.

“चांगला,” ती लगेच म्हणाली. “आमच्या मागच्या खोलीत राहतात. कुणाचं वाईट करत नाहीत.”

पाटलांना ते लेखी हवं होतं. एथेलमावशींनी वहीचा कागद फाडून दिला, ज्युलियाने गुडघ्यावर ठेवून दोन ओळी लिहिल्या आणि सही केली. मी घड्याळ पाहिलं. दीड मिनिट.

“तपास न करता?” मामाने विचारलं.

“पाच वर्षं बघतेय ना तुम्हाला, काका.”

उरलेला खुलासा एथेलमावशींनी केला. कॉलेजच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं की मुलींनी साडी नेसून यावं. ज्युलियाची आई लुगडं नेसते, बहिणी फ्रॉक घालतात, गोल साडी त्यांच्या घरात एकट्या एथेलमावशींना येते. आणि घरात शिकायचं तर पाच भाऊ खुर्च्या मांडून बघायला बसतात. मी ज्युलियाला म्हटलं, अगं, मी भिंतीपलीकडे राहते, मला विचारायचंस ना.

“तुम्ही काकांची वही लिहिता, ताई. मी पडले की वहीत गेलं असतं.”

ते वहीत गेलेलंच होतं.

परतीच्या होडीत मामाने एकही सिद्धांत मांडला नाही. घरी येऊन तो दार लावून लिहीत बसला. मी बाहेरून सांगितलं की एकच ओळ लिही, मामा, सगळे लिहितात तशी. आतून लाखेचा वास आला.

शनिवारी अकरा वाजता आम्ही अंधेरीच्या त्या बंगल्यात होतो. ज्युलिया निळ्या साडीत, मामा कोटात. साडी मी नेसवली होती, तरी ज्युलिया पाण्याने काठोकाठ भरलेला हंडा डोक्यावर असल्यासारखी चालत होती. मृणालिनीबाईंनी अर्ज पाहिला, शाळेचा दाखला पाहिला, मग मामाचं मोहोरबंद पाकीट फोडलं. आत चार पानं होती. त्या वाचू लागल्या, आणि दुसऱ्या पानावर मोठ्याने.

“‘उमेदवार हातभट्टीच्या दारूची ने-आण करत नाही. खाडीची खोली परकीय सत्तेला कळवत असल्याचा पुरावा मिळाला नाही. श्री. मार्कस, नातवंडे चार, यांच्याबरोबर पळून जाण्याचा बेत आढळला नाही.’” त्यांनी चष्मा खाली घेतला. “हे आरोप कुणी केले होते?”

“मीच,” मामा म्हणाला.

ज्युलियाच्या चेहऱ्याकडे मला पाहवेना. मी मनात कारखान्यातले डबे मोजत होते. बाईंनी शेवटचं पान उलटलं, मनातल्या मनात वाचलं, आणि मग तेही आम्हाला ऐकवलं.

“‘निरीक्षणाच्या पंधरा मिनिटांत उमेदवार सहा वेळा पडली. प्रत्येक वेळी ती स्वतः उठली, आणि जिथे पडली तिथून पुढे न जाता मागे जाऊन पहिल्यापासून चालू लागली. असे वर्तन मी माझ्या अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत पाहिलेले नाही. माझे स्वतःचेही नाही.’”

बाईंनी टेबलावरच्या गठ्ठ्यावर हात ठेवला.

“इथे सत्तर अर्जांचे दाखले आहेत. सत्तर जणांची वर्तणूक चांगली. उमेदवाराकडे बघून लिहिलेला हा पहिला.” त्यांनी ज्युलियाला विचारलं, “कुठे पडत होतीस?”

“गोराईला, बाई. वाळूवर. मला साडी येत नव्हती.”

“आणि आता येते?”

“चालायला येते. वळायला नाही.”

बाई हसल्या नाहीत. त्यांनी रजिस्टर ओढलं आणि एकोणचाळिसाव्या ओळीवर ज्युलियाचं नाव लिहिलं. आम्ही उठलो, नमस्कार केला, आणि बाहेर पडताना ज्युलिया दाराशी वळली ती थेट पायरीवर आडवी झाली. मामाचा हात खिशातल्या वहीकडे गेला आणि शरमून तिथेच थांबला.

ज्युलिया उठली. निऱ्या सारख्या केल्या.

“लिहा, काका,” ती म्हणाली, “सात.”