आवाज बसलेली सीडी

दस्तगीरभाई कुठलीही सीडी कॉम्प्युटरमध्ये घालण्याआधी तिच्या मधल्या भोकात करंगळी अडकवतात, तिला कानाशी नेतात आणि कडेवर टिचकी मारून ऐकतात. बाजारात माठ घेताना बायका ऐकतात ना, अगदी तसं. डोळे मिटलेले असतात. समोरचा काही बोलायला गेला की दुसरा हात वर करून त्याला गप्प करतात. आवाज पसंत पडला तर सीडी आत जाते. नाही पडला तर ती परत पाकिटात जाते आणि निकाल मिळतो, "हिचा आवाज बसलाय ताई. हिला आज बोलवू नका."

पेन ड्राइव्हच्या जमान्यात सीड्या कोण वापरतं, असं तुम्ही विचाराल. आम्ही वापरतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमच्या मालकांचा चादरींचा कारखाना आहे आणि तिथल्या ऑफिसात पत्रव्यवहारापासून पाहुण्यांच्या चहापर्यंत सगळं मी बघते. चादरीवर जे मोर, कमळं, कमानी उमटतात त्यांची डिझाइनं एका म्हाताऱ्या कॉम्प्युटरमध्ये असतात. मूळ प्रती मात्र सीड्यांवर, मालकांच्या लोखंडी कपाटात, लक्ष्मीच्या फोटोखाली. मालकांचा इंटरनेटवर काडीचा विश्वास नाही. "आकाशात ठेवलेली वस्तू आपली कशी?" असं ते विचारतात, आणि याला उत्तर देणारा माणूस अजून आमच्या ऑफिसात आलेला नाही.

दस्तगीरभाई मूळचे जॉबर, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारे. मागांना कॉम्प्युटर जोडले गेले तेव्हा बाकीचे जॉबर चार हात लांब उभे राहिले, हे पाना घेऊन पुढे झाले. कोर्स नाही, पुस्तक नाही. एक मेलेला कॉम्प्युटर घरी नेला, सुटा करून फरशीवर मांडला आणि परत जोडला. पाच स्क्रू उरले. परत सोडला. असं किती वेळा केलं कोण जाणे, पण एके दिवशी एकही स्क्रू उरला नाही, आणि त्या दिवसापासून ते कॉम्प्युटरवाले झाले.

भाषा मात्र मागाचीच राहिली. हार्ड डिस्क भरली की "बीम भरला," बीम म्हणजे मागावर सूत गुंडाळायचा रूळ. वायर सैल झाली की "धागा ढिला हाय." मागावर ताण्याचा धागा तुटला की आधी माग थांबवायचा आणि मगच हात घालायचा, हे त्यांच्या रक्तात भिनलेलं. त्यामुळे काहीही बिघडलं तरी पहिलं वाक्य ठरलेलं, "आदी थांबवा. मग बगा." पावसाने गळणाऱ्या छपराबद्दल विचारलं तरी हेच म्हणतील असा माझा अंदाज आहे.

दुसरी ख्याती कीबोर्डची. कीबोर्ड उलटा करून कागदावर झटकतात, पडलेला ऐवज बोटाने चिवडतात आणि शांतपणे जाहीर करतात, "शेंगाची चटणी. घरची हाय, दुकानची न्हाय. लसूण जास्त हाय." चटणी माझीच होती. त्यानंतर मी डबा बाहेर बाकावर बसून खाते.

तर गेल्या वर्षी आमच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क गेली. दस्तगीरभाईंनी नवी बसवली आणि कपाटातल्या सीड्या एकेक करून पुन्हा आत उतरवायला घेतल्या. प्रत्येकीला टिचकी, प्रत्येकीची चौकशी. एका सीडीपाशी ते थांबले. दोनदा ऐकलं. मग उजेडाकडे धरून भोकाच्या कडेवरून नख फिरवलं. नखाला कुंकू लागलं.

"मालक, हिच्यावर नारळ फोडलाय का?"

मालक दुखावले. "फोडीन कशाला? खंडेनवमीला पूजेत ठेवतो सगळ्या. मागाची पूजा, तशी यांची. नारळ नुसता वर ठेवतो. गडगडू नये म्हणून जरा दाबून. त्या भोकात छान बसतो तो."

दस्तगीरभाईंनी नखावरचं कुंकू रुमालाला पुसलं. पूजेला नाव कसं ठेवणार! मग म्हणाले, "गळ्यापाशी तडा हाय. जोरात फिरली की उडणार. नमाजला जाऊन येतो, मग घरच्या मशीनवर अगदी हळू चालवून हिच्यातलं काढून घेतो. तवर हात लावू नका ताई."

शुक्रवार होता. ते सायकलवर टांग टाकून गेले आणि पाऊण तासाने विजापूरच्या व्यापाऱ्याचा फोन आला. आमचं फार जुनं गिऱ्हाईक. त्याला जुनं कमान-मोर डिझाइन हवं होतं, तेच आणि तसंच, आणि ते होतं नेमकं त्या तडा गेलेल्या सीडीवर. कित्येक वर्षांत ते विणलं नव्हतं, गोदामात एकही नग शिल्लक नव्हता. त्याची ऑर्डर येणार म्हणून चार माग आधीच रिकामे करून ठेवलेले, त्यावरचे कामगार रोज येऊन "कवा चालू करायचं?" म्हणून विचारायचे. व्यापारी म्हणाला, डिझाइनचा फोटो आत्ता पाठवा, नाहीतर मी दुसरीकडे बघतो.

मी काय केलं ते सांगायला आजही लाज वाटते. एक फोटो तर काढायचाय, एवढ्यात काय होतंय, असं म्हणून मी ती सीडी आत घातली.

आधी घरघर झाली. मग आवाज चढत गेला, चढत गेला, आणि फाट्! टेबल हादरलं. बशीतला चहा माझ्या वहीवर. मी घाबरून बटण दाबत सुटले तर ट्रे बोटभर बाहेर येऊन अडकला आणि आतून चुरचुर ऐकू यायला लागली. मी फुटपट्टी घेऊन तो ट्रे उचकटणार, इतक्यात दारातून ओरडा आला.

"हात वर!"

मी खरोखर दोन्ही हात वर केले. दस्तगीरभाई नमाजाची टोपीही न काढता आत आले, प्लग उपटला, मग छताचा पंखा बंद केला. "तुकडा काचेवानी असतो. डोळ्यात गेला तर डॉक्टरला बी दिसत न्हाय." माझ्या डोळ्यांवर चष्मा होताच. स्वतःला त्यांनी वेल्डिंगचा चष्मा चढवला. आवाज ऐकून धावत आलेल्या मालकांकडे काहीच नव्हतं, म्हणून त्यांना स्कूटरचं हेल्मेट घालायला लावलं. काच खाली करून मालक स्वतःच्याच ऑफिसात हेल्मेट घालून बसले, आणि कुणाला हसायचं सुचलं नाही.

मग जे पाहिलं ते पाहत राहावं असंच होतं. ड्राइव्ह बाहेर काढून त्यांनी टेबलावर पांढरा टॉवेल पसरला. चार स्क्रू चार कोपऱ्यांत मांडले. एक यूपिन सरळ करून पुढच्या बारीकशा भोकात सारली, तसा अडकलेला ट्रे हळूच सुटला. झाकण उघडलं. आत चांदीचा चुरा. चिमट्याने एकेक तुकडा उचलून ते टॉवेलवर ठेवत गेले, आणि नुसता ठेवत नव्हते, जिथला तिथे ठेवत होते. बघता बघता टॉवेलवर पूर्ण सीडी जुळली. फक्त कडेला नखाएवढी फट राहिली.

"झालं की," मालक हेल्मेटमधून म्हणाले.

"एक सुटलाय. तो आत ऱ्हायला तर उद्या दुसरीला मारणार."

त्या एका तुकड्यासाठी तासभर गेला. टॉर्च, रबरी फुग्याने हवा, परत टॉर्च. शेवटी तो भिंगाच्या मागच्या दांडीखाली सापडला. ठेवला. वर्तुळ पूर्ण झालं. ड्राइव्ह बंद करून दुसरी सीडी घातली तर ती गुपचूप चालू लागली. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

"आणि कमान-मोर?" मालकांनी विचारलं.

दस्तगीरभाईंनी टॉवेलकडे पाहिलं. "ही आता बोलणार न्हाय."

मालकांनी हेल्मेट काढलं. "कुणी घातली ती आत?"

"मशीन सोडून मी गेलो होतो की," दस्तगीरभाई म्हणाले.

"मी घातली," मी म्हणाले. मालकांनी हेल्मेट टेबलावर ठेवलं. उठून चार रिकाम्या मागांकडे जाऊन उभे राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी राजीनामा लिहूनच आले होते. दस्तगीरभाई माझ्याआधी येऊन बसले होते. मांडीवर धुतलेल्या कापडात गुंडाळलेलं गाठोडं. मालक आल्यावर त्यांनी ते टेबलावर सोडलं. मऊ झालेली, रंग उतरलेली चादर. कमानीखाली मोर, दोन्ही कडांना.

"ही कुठं मिळाली तुला?" मालकांचा आवाज बदलला.

"तुमीच दिली की. आमच्या लग्नात."

त्यांची बायको, शमीमभाभी, जाऊन तीन वर्षं झाली. घरात दस्तगीरभाई एकटेच. हे मला माहीत होतं, पण माहीत असणं म्हणजे काय ते त्या चादरीकडे बघताना कळलं.

मी घाईघाईने म्हटलं, "फोटो काढू या. स्कॅन करू या."

"फोटो व्यापाऱ्याला धाडा ताई, पन त्यात वरचा धागा दिसतो. आतला न्हाय. एक कमान कापून धागा-धागा सोडवून मोजायला लागंल. मी मोजतो. आठ दिवसांत डिझाइन परत बसवतो." त्यांनी कातर काढली, चादरीपर्यंत नेली आणि माझ्याकडे दिली. "कापा तेवढं तुमी."

मी जवळची कड हातात घेतली.

"तितं नक्को!" ते एकदम म्हणाले. मग हळू, "ती तिची बाजू हाय." त्यांनी चादर फिरवली आणि दुसरी कड माझ्यापुढे सरकवली. "हितनं कापा. ही माझी."

डिझाइन दोन्हीकडे सारखंच होतं. मी त्यांच्या बाजूची एक कमान कापली. कातर वाकडी गेली. दस्तगीरभाई खिडकीतून बाहेर बघत होते. तुकडा त्यांनी कागदात ठेवला, उरलेल्या चादरीची कापलेली कड बोटांनी चाचपली आणि विचारलं, "ताई, एवढी कड दुमडून शिवून मिळंल का? आज रात्री लागणार."

मी पर्समधली सुई काढली आणि राजीनाम्याच्या कागदावर चादर टेकवून शिवायला बसले.