खिडकीतला खेडूत

या मंडळी, असे जवळ सरका. दुसऱ्याला हसणाऱ्याची गोष्ट सांगतो.

गुप्तहेर गरुडनेत्र सांगत, "माझी नजर भिंतीपलीकडचं बघते!" भिंतीअलीकडचं मात्र त्यांना मदतनीस दाखवी. देवाने डोळे दिले बघायला, यांनी लावले मिरवायला!

त्या दिवशी मदतनिसाचे मामा गावाहून आले होते, मामीच्या शिवणयंत्राचं दुरुस्त झालेलं जड लोखंडी डोकं न्यायला. मामीच्या शिवणावरच घरची चूल पेटायची. ते गाठोड्यात बांधून घेतलं आणि वाटेत तिघे चित्रांच्या छापखान्यात शिरले. खिडकीत चित्र टांगलेलं : आ वासून मनोरे बघणारा खेडूत, आणि त्याचं गाठोडं लांबवणारा उंच टोपीवाला.

"बघा मामा, तुमचाच आरसा!" गरुडनेत्र खदाखदा हसले.

गाठोडं टेबलावर टेकवून मामांनी चित्र निरखलं. वळले, तर गाठोडं गायब!

"कशाला हात लावू नका!" गरुडनेत्रांनी कोट काढून कोपऱ्यातल्या ढिगावर फेकला आणि वर बैठक मारली. "चोराचं चित्र समोर आहे. उंच टोपी शोधा!"

"चित्र मागच्या वर्षीचं आहे, साहेब," छापखानेवाला म्हणाला.

"म्हणजे कट वर्षभर शिजतोय!"

तेवढ्यात एक उंच टोपीवाला आत आलाच. गरुडनेत्रांनी दरडावताच तो म्हणाला, "वा! काय ही नजर!" त्यांचा हात दोन्ही हातांत घेऊन त्याने प्रेमाने दाबला, आणि चालता झाला.

"सज्जन! चोर कधी गुणांची कदर करत नाही." मग संशय चित्रकारावर गेला, तिथून मांजरावर, शेवटी खुद्द मामांवर.

"मामीला काय तोंड दाखवू रे?" मामा टेबलाखाली वाकून शोधू लागले. "गाडीचीही वेळ झाली."

आतून छापखानेवाल्याची बायको आली. "उठा हो, माझी चित्रं वाळली असतील." तिने कोट उचलला. खाली गाठोडं, त्याखाली फळी, फळीखाली चित्रं! "ओला कागद वाळताना गुंडाळला जातो. हाताला येईल ते जड ठेवते मी."

मामांनी गाठोडं उराशी धरलं.

"म्हणून तर मी पुरावा दाबून बसलो होतो!" गरुडनेत्रांनी मिशी पिळली. "किती वाजले?" मनगट बघतात तर घड्याळ गेलेलं.

मामा भाच्याच्या कानाशी लागले. "मी जाईन एकटा. तू साहेबांना घरी पोचव. शहरात नवखे दिसतात."

तर मंडळी, उद्या सदऱ्याचं बटण लावताना त्या मामीची आठवण ठेवा. गरुडनेत्रांची नको, नव्या चित्रात ते खिडकीत टांगलेले आहेतच.