साहेबांचं कासव आणि सासऱ्यांचा दिवा

गरम बल्ब ओल्या फडक्याने पुसू नये, हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. शाळेत सांगितलंही असेल, पण त्या दिवशी मी गैरहजर असणार. (माझं एकूण ज्ञान पाहता मी बऱ्याच दिवशी गैरहजर असणार, असं आमच्या हिचं मत आहे.)

गोष्ट २०१६ सालची. आमच्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे करायचं ठरलं आणि मुहूर्त निघाला दसऱ्याचा. जिल्हे चार, म्हणजे कचेऱ्या चार, आणि त्या चारही कचेऱ्यांना कारकून पाहिजेत. कोण आदिलाबादेत राहणार, कोण निर्मलला जाणार, कोण मंचिर्यालला आणि कोण पार आसिफाबादला, ही यादी आमच्या साहेबांच्या टेबलावर होती. मी नुकतंच गावाच्या टोकाला दोन खोल्यांचं घर बांधलं होतं. मागे कापसाचं शेत, पुढे मोकळी हवा, भिंतींना रंग अजून लागायचा होता. ते घर सोडून परगावी भाड्याच्या खोलीत राहायचं, या कल्पनेनेच मी धास्तावलो. मी कारण नसताना साहेबांच्या टेबलाभोवती घुटमळायला लागलो.

घट बसायच्या आदल्या दिवशी साहेबांनी बोलावलं. त्यांची स्वतःची नेमणूक निर्मलला झाली होती आणि नवी कचेरी मांडायला ते त्याच दिवशी निघत होते.

"महिपतराव, दसरे तक एक काम करना पडेगा. भरोसे का काम है."

मला वाटलं, गुप्त फाइल असेल. निघालं कासव.

तळहाताएवढं, हिरवं, कानाजवळ लाल पट्टा, परदेशी जातीचं. नाव बंगारम. तेलुगूत बंगारम म्हणजे सोनं. सोबत काचेची भली मोठी पेटी, तिच्यात अर्धं पाणी, मध्ये एक दगड आणि दगडावर टोपीसारखा पत्रा घातलेला एक दिवा. हा दिवा रोज दहा तास लावायचा. नाही लावला तर कासवाची पाठ मऊ पडते, ते खाणं सोडतं आणि मग सगळंच सोडतं.

"इस में से धूप निकलती है," साहेब म्हणाले.

मी हादरलोच. आदिलाबादेत, जिथे मे महिन्यात नळाच्या पाण्याने हात भाजतो, तिथे ऊन बाहेरून आणून लावतात! आ वासून मी पेटी उचलली आणि ऑटोत ठेवली.

घरी आमची ही, कुसुम, दारातच उभी होती. "हे काय आनून राह्यले तुमी? पालीच्या खानदानातलं जनावर माह्या घरात नाई पायजे! उद्या घट बसून राह्यले!"

"अगं, देवळात देवासमोर असते ना कासव?"

"ते दगडाचं असते. ते हालत नाई आन् वास मारत नाई."

मी हळूच यादीची गोष्ट तिच्या कानावर घातली. आसिफाबाद हा शब्द ऐकल्यावर ती दारातून बाजूला झाली. पण एक अट घातली. "सारं घर धुऊन काढलं म्या घटासाठी. त्याचंबी घर तुमीच पुसा, आत्ताच्या आत्ता."

एवढाच एक छोटासा निर्णय मी घेतला, की पुसतोच आहे तर दिवाही पुसून टाकू. दिवा चालू होता. फडकं ओलं होतं. फट्ट असा आवाज झाला, हाताला जो झटका बसला तो थेट टाळूपर्यंत गेला, आणि मी भिंतीला टेकून बसलो तेव्हा माझ्या हातात फक्त फडकं होतं. बंगारमने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान आत घेतली. काचा वेचल्या, पाणी बदललं, तरी ती मान पाच दिवस बाहेर आली नाही.

खाणं पाण्यात तसंच तरंगत राहिलं. रोज संध्याकाळी साहेबांचा फोन यायचा.

"बंगारम खाया?"

"खाया, सर." (मला खोटं बोलायची सवय नाही. वरिष्ठ सोडून.)

आमचा वायरमन फकिरा याला बोलावलं. त्याने फुटका बल्ब उलटासुलटा केला, कागदावर 'अल्ट्राव्हायलेट' असं लिहून ठेवलं आणि म्हणाला, "भाऊ, हा हैद्राबादलेच भेटते. धा-बारा दिवस लागन."

"इथं माझी मान कापली जाऊन राहिली, फकिरा!"

फकिराला दया आली. तो देवीच्या मंडपातला हॅलोजन घेऊन आला. अर्ध्या तासात पाणी आंघोळीसारखं कढत झालं आणि बंगारम काचेवर पाय मारायला लागला. तो काढला. मग फकिराने मंडपातलीच रंगीत माळ पेटीभोवती गुंडाळली. "सारे रंग हायेत याच्यात. येक तर लागू पडनच," तो म्हणाला. लाल, हिरवा, निळा उजेड लुकलुकायला लागला. बंगारमने पाठ फिरवली. शेजारच्या रेणुकाबाई मात्र खिडकीतून ते पाहून हात जोडून गेल्या.

पाचव्या दिवशी त्यांच्या तामसी गावाहून पहिल्या बसने माझे सासरे चंपतराव आले. वांग्याची पिशवी खाली ठेवली, फकिराचा कागद वाचला आणि हसायला लागले.

"जावई, येवढ्यासाठी तोंड पाडून बसले तुमी? अल्ट्रावाला दिवा तं माह्या वावरात हाय!"

मी त्यांचे पायच धरायचा बाकी होतो. दुपारच्या बसने ते गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गोणपाटात गुंडाळलेला तो दिवा घेऊन आले. जांभळट, डोळ्यांत शिरणारा उजेड. फकिराने पेटीच्या वर तारेने बांधून टाकला.

"पन दिवसाच लावजा बरं," सासरे म्हणाले. "सांजच्याला याचं काम येगळं असते. आमी वावरात..."

"हो हो, मामाजी," मी म्हणालो. कारण त्याच क्षणी बंगारमची मान बाहेर आली होती. पुढचं काही मी ऐकलंच नाही.

दोन दिवस दिवसा दिवा लावला. बंगारम दगडावर चढून बसायला लागला, पण खाण्याला तोंड लावीना. माझी निम्मी भीती गेली आणि निम्मी तशीच राहिली. कुसुम येता-जाता पेटीत डोकावायची आणि "मेलं उपाशी मरन," असं पुटपुटायची. तिचा आवाज मात्र आधीसारखा तिखट राहिला नव्हता.

अष्टमीला तिने हळदीकुंकू ठेवलं. पंधरा बायका, नव्या साड्या, ताटभर शिरा. सासरे मुद्दाम आले होते. गर्दीने उकडायला लागलं म्हणून मी मागच्या अंगाची खिडकी सताड उघडली. सूर्य नुकताच मावळला होता. तेवढ्यात साहेबांचा फोन.

"महिपतराव, रोज बोलते, खाया, खाया. आज वीडियो कॉल पे दिखाओ."

पेटीत अंधार. अंधारात साहेबांना काय दाखवणार? मी धावत जाऊन दिवा लावला आणि मोबाइल पेटीसमोर धरला. सासऱ्यांनी लांबून "जावई, नाई! नाई!" असं ओरडून हात हलवलेले मला दिसले. मला वाटलं, साहेबांना नमस्कार करताहेत.

पहिलं पाखरू खिडकीतून आलं आणि दिव्यावर आपटलं. मग दुसरं. मग मोजायची सोय राहिली नाही. मागचं सगळं कापसाचं शेत उठून माझ्या घरात आलं. करडी पाखरं, तपकिरी पाखरं, उडते किडे, टोळ आणि ज्यांना नावं नाहीत असेही बरेच. कुंकवाच्या करंड्यात पाखरं, शिऱ्यात पाखरं, रेणुकाबाईंच्या अंबाड्यात एक जाडजूड भुंगा. "अगं बाई! अगं बाई!" करत पंधरा बायका एकाच दाराकडे धावल्या आणि दारात अडकल्या. माझ्या तोंडातून आवाज निघेना, कारण तोंड उघडलं की पाखरू आत जायचं.

"अवो जावई!" सासरे बायकांचे पदर चुकवत, साड्यांतून वाट काढत आले. "हा बोंडअळीचा सापळा हाय! वर दिवा, खाली पान्याचं टोपलं. पाखरू दिव्यावर येते आन् पान्यात पडते. तुमी तं घरात जसाच्या तसा मांडून ठेवला!" मग त्यांनी पेटीत पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम फुलला. "आन् केवढी पडून राह्यली! माह्या वावरात चार दिवसांत येवढी पडली नाईत!"

मी स्विच बंद करायला हात पुढे केला, तोच कुसुम किंचाळली, "थांबा! हात लावू नका! खाल्लं! अवो, खाल्लं त्यानं!"

बंगारम दगडावरून पाण्यात उतरला होता. मान लांब करून पाखरामागून पाखरू गिळत होता. आठ दिवसांचा उपास तो एका बैठकीत सोडत होता. कुसुम केसांतली पाखरं वेचून स्वतःच्या हाताने त्याच्यासमोर टाकायला लागली. दारात अडकलेल्या बायकाही परत फिरल्या, आणि "देवाचं कासव जेवलं" असं म्हणत रेणुकाबाईंनी पेटीला हळदीकुंकू वाहिलं.

मग मला हातातल्या मोबाइलची आठवण झाली. साहेब पडद्यावर होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं. संपलं, आता आसिफाबाद!

"महिपतराव," साहेबांचा आवाज भरून आला होता, "इतना ताजा खाना! इतने लोग! पूजा! मेरे घर में भी बंगारम का इतना कभी नहीं हुआ!"

दसऱ्याच्या दिवशी साहेब स्वतः आले. मी आपट्याचं पान देऊन पाया पडलो. त्यांनी ते खिशात घातलं आणि दुसऱ्या खिशातून कागद काढला. कुसुम दाराआडून ऐकत होती.

"आप का नाम यादी में आदिलाबाद में ही था," साहेब म्हणाले. "पहले दिन से."

पहिल्या दिवसापासून! म्हणजे कासव आणलं नसतं, बल्ब फोडला नसता, तरीही मी इथेच होतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"मैंने खुद काट दिया," साहेब प्रेमाने म्हणाले. "मेरे साथ निर्मल लिखवाया. ऐसा आदमी मैं दूसरे को कैसे दूँ? कल सुबह निकलेंगे."

मी वळकटी शोधायला आत गेलो.

दुसऱ्या दिवशी बंगारम साहेबांच्या गाडीत, साहेबांच्या बाजूच्या सीटवर बसून निर्मलला गेला. मी सामानाच्या टेंपोत, सासऱ्यांचा दिवा मांडीवर घेऊन गेलो. ("माह्याकडं दुसरा हाय, ठिवा तुमी," असं म्हणून सासऱ्यांनी तो मला दिला. जावयाला त्यांनी आजवर दिलेली ही एकमेव वस्तू.) संध्याकाळी भाड्याच्या खोलीत वळकटी सोडत होतो, तेवढ्यात कुसुमचा फोन आला. मला भरून आलं. बारा वर्षांच्या संसारात आम्ही पहिल्यांदाच असे लांब पडलो होतो.

"पोचले?"

"पोचलो गं."

"दिवा लावला त्याच्यावर?"

"लावून आलो साहेबांकडे."

"खाल्लं त्यानं?"

"खाल्लं. पोटभर खाल्लं."

"मग बरं झालं," ती म्हणाली, आणि फोन ठेवून दिला. मी सकाळपासून चहावर होतो.