ड्रेसशिवाय चहा नाही

मुलांना नटवून-थटवून चहाला बोलवायचं, एवढंच दिपमालाच्या मनात होतं. जान्हवीला सात वर्षं पूर्ण होणार होती. केक कापायचा, फुगे फोडायचे आणि आलेल्या प्रत्येकाच्या हातात रंगीत पिशवी ठेवून दार लावून घ्यायचं, हा प्रकार तीन वर्षं करून झाला होता. या वेळी काहीतरी वेगळं करायचं तिने ठरवलं.

"टी पार्टी करू," ती किरणला म्हणाली. "मुलं वेश करून येतील, गच्चीवर बसतील, छोट्या छोट्या कपांतून चहा पितील."

"एवढ्याशा पोरांना चहा?"

"चॉकलेटचं दूध हो! चहा नुसता म्हणायचा."

"मग वेश कशाला? दूध तर पोरं बनियनवरही पितात," किरण म्हणाला आणि हा विषय आपल्यापुरता संपला असं समजून आंघोळीला गेला.

जळगावच्या मेहरूण भागातल्या त्यांच्या इमारतीत जान्हवी धरून तिच्या वयाची बारा मुलं होती. निमंत्रण गेलं आणि संध्याकाळपर्यंत पाच जणींना परी व्हायचं होतं. एकीच्या आईने पांढरे पंख भाड्याने आणले, म्हणून दुसरीने गुलाबी आणले, आणि तिसरीने त्या दोघींच्या पंखांखाली झाकले जाणार नाहीत असे भलेमोठे आणले. चौथी आणि पाचवीच्या आया जिन्यात भेटल्या तर एकमेकींकडे न बघता जाऊ लागल्या. दिपमालाने डोक्याला हात लावला आणि चिठ्ठ्या टाकल्या. डॉक्टर, पोस्टमन, भाजीवाली, शिक्षिका. जान्हवीला पोलीस आला. वरच्या मजल्यावरच्या सहा वर्षांच्या ईश्वरीला शेतकरी आला, तेव्हा ती जिन्यात बसून रडली. पण तिची आई जिद्दीची. "बघा आता माझी शेतकरी कशी होते ते," म्हणत तिने काजळाची डबी शोधायला घेतली.

आता वेशांची स्पर्धाच ठेवायची असं ठरलं आणि परीक्षक म्हणून दुसऱ्या मजल्यावरच्या रेशमा मॅडमना विचारलं. मॅडम गणिताच्या निवृत्त शिक्षिका. आयुष्यभर पेपर तपासून त्यांची नजर अशी झाली होती, की त्या समोरच्या माणसाकडे बघत तेव्हा त्याला आपले काही गुण कापले जाताहेत असं वाटे.

"वेशभूषा दहा गुण, बोलणं पाच, वेळ पाच," मॅडम म्हणाल्या. "प्रत्येकाला दोन मिनिटं. मी घंटा वाजवीन."

"मॅडम, लहान मुलं आहेत हो."

"म्हणूनच. शिस्त आत्ता लागली तर लागते."

या सगळ्या गडबडीत दिपमालाच्या सासूबाईंनी, प्रमिलाबाईंनी, एक काम गुपचूप करून टाकलं. त्यांनी साक्रीकडच्या गावी फोन करून अभिमननानांना अहिराणीत सांगितलं, "नाना, रविवारी नातना चहा शे. या."

अभिमननाना म्हणजे किरणचे मोठे काका. किरणचे वडील लवकर गेले. त्याला वाढवलं, शिकवलं ते नानांनी. मात्र चार वर्षांपूर्वी या फ्लॅटच्या वास्तुशांतीला पाहुण्यांना फेटे बांधताना नेमके नानांपाशी फेटे संपले. कुणीतरी घाईघाईत त्यांच्या डोक्याला उपरणं गुंडाळलं. नानांनी ते उपरणं घडी करून पाटावर ठेवलं, चपला घातल्या आणि न जेवता निघून गेले. तेव्हापासून किरण दर दिवाळीला फराळाचा डबा घेऊन साक्रीला जायचा. नाना डबा घ्यायचे, ताक द्यायचे, पण "घरी या ना नाना" म्हटलं की समोरच्या निंबाकडे बघत "पाहू" म्हणायचे.

या वेळी फोनवर ते "पाहू" म्हणाले नाहीत, "येस" म्हणाले, म्हणजे येतो. प्रमिलाबाईंनी ते फक्त किरणच्या कानावर घातलं. आले तर सुनेला आनंदाचा धक्का देऊ, नाही आले तर कुणाला कळायला नको. रविवारी चार वाजता "दूध आणतो" असं सांगून मायलेक बसस्टँडवर जाऊन उभे राहिले.

नाना मात्र बसने आलेच नाहीत. लग्नाचं सामान न्यायला जळगावला निघालेल्या गावच्याच वना नावाच्या पोराच्या पिकअपमध्ये बसून ते थेट इमारतीच्या दाराशी उतरले. हातात तुरीच्या शेंगांची थैली, अंगात पांढरा सदरा आणि धोतर, डोक्यावर कडक इस्त्रीची टोपी. गच्चीवरून मुलांचा गलका येत होता, तेव्हा कार्यक्रम तिथेच असणार हे ओळखून ते जिने चढून वर गेले.

गच्चीच्या दारात काठी घेऊन पोलीस उभा होता. नाना या घरातून रागाने गेले तेव्हा जान्हवी तीन वर्षांची होती. तिने त्यांना ओळखलं नाही, आणि एवढी मोठी मिशी चिकटवलेल्या पोलिसाला नानांनी ओळखलं नाही.

"ड्रेसशिवाय चहा नाही," पोलीस म्हणाला.

"कसाना डेस रे भो? मी चहाले उनू."

तेवढ्यात डॉक्टर ओरडला, "अरे, हे शेतकरी झालेत!"

पोलिसाने नानांना खाली वाकायला लावलं आणि त्यांची मिशी ओढून पाहिली. ती निघाली नाही, तेव्हा पोलीस खूश झाला. रेशमा मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. कुणाचे तरी आजोबा हौसेने उतरलेत, असं समजून त्यांनी स्पर्धकांच्या नंबरांतला जादाचा बिल्ला काढला आणि नानांच्या सदऱ्यावर टाचला. नानांनी सरकारी कार्यक्रमांत प्रमुख पाहुण्यांच्या छातीवर बिल्ला लावतात ते पाहिलं होतं. त्यांची मान ताठ झाली. त्यांना सतरंजीवर पोस्टमन आणि भाजीवालीच्या मधोमध बसवण्यात आलं, आणि भाजीवालीने बोटाएवढ्या कपात त्यांना चहा दिला.

हे सगळं दिपमालाला नंतर कळलं. त्या वेळी ती खाली स्वयंपाकघरात आणखी दूध गरम करत होती. किटली घेऊन ती वर आली आणि दारातच थबकली. रांगेत नाना मांडी घालून बसले होते, छातीवर तेरा नंबर होता आणि ते अकरावा कप रिकामा करत होते.

"नाना!" ती कशीबशी म्हणाली आणि पाया पडायला वाकली.

नानांनी हात वर केला. "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे. कार्यक्रम चालू शे."

तिने जान्हवीला बाजूला ओढलं. "यांना इथं कुणी बसवलं?"

"मी! त्यांचा ड्रेस सगळ्यांत भारी आहे मम्मी. मिशी पण पक्की आहे."

दिपमालाने कोपऱ्यात जाऊन किरणला फोन लावला. "कुठे आहात?"

"स्टँडवर. म्हणजे दूध..."

"स्टँडवर दूध मिळतं?"

"अगं, नाना येणार होते, तुला सांगणारच होतो. पण या बसमध्ये पण नाहीत गं."

"नाना इथे आहेत. तेरा नंबरला. पटकन या."

"तेरा नंबरला म्हणजे?" किरण विचारत होता, पण तोवर घंटा वाजली होती.

बारा नंबरची ईश्वरी पुढे आली. धोतर, मुंडासं, हातात पुठ्ठ्याचा विळा. काजळाची मिशी दुधाने अर्धी पुसली गेली होती. "मी शेतकरी. मी ऊन बघत नाही, पाऊस बघत नाही. मी पिकवतो म्हणून तुम्ही जेवता. ताटात टाकू नका. नमस्कार." चाळीस सेकंदांत ती जागेवर परतही गेली. सगळ्यांत मोठ्याने टाळ्या नानांनी वाजवल्या.

"क्रमांक तेरा, शेतकरी!" रेशमा मॅडम म्हणाल्या.

दिपमाला "मॅडम, ते..." म्हणेपर्यंत नाना उठले होते. आता पाहुण्यांनी दोन शब्द बोलायचे, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

"मंडळी," नाना म्हणाले, "आते तुम्हले कांदानं सांगस."

त्यांनी कांद्याचं सांगितलं. रोपाचं, वाफ्याचं, करप्याचं. मोबाइल काढून आपल्या शेतातल्या कांद्याचे फोटो रांगेतल्या प्रत्येकाला दाखवले. दोन मिनिटांनी घंटा वाजली. नानांनी घंटेच्या दिशेने हात जोडले आणि पुढे सुरुवात केली. मुलं चुळबुळू लागली होती, तेवढ्यात नाना म्हणाले, "एक दिन बिबट्या बांधवर बठेल व्हता. तो तठे, मी आठे. मन्हा हातमा फक्त बॅटरी!" बारा कप हवेत थांबले. पोलीस डॉक्टरला बिलगला. बिबट्या गेला तसा विहिरीवरच्या मोटारीचा विषय निघाला आणि पोस्टमन आडवा झाला. घंटा एकूण पाच वेळा वाजली. पाचही वेळा नानांनी हात जोडले. बावीस मिनिटांनी ते खाली बसले तेव्हा त्यांचा चेहरा असा फुलला होता, की दिपमालाला वाटलं, आता कुणी काही बोलू नये, पोरांनी खाऊन घ्यावं आणि सगळं इथेच मिटावं.

पण रेशमा मॅडमनी निकाल तयार ठेवला होता.

"पहिला क्रमांक ईश्वरी, शेतकरी. दुसरा क्रमांक तेरा, शेतकरी."

नानांनी मान वर केली. "दुसरा? कसामा दुसरा?"

दिपमालाने जीव मुठीत धरून सांगितलं. मुलांची स्पर्धा होती, मुलांना वाटलं तुम्ही वेश करून आलात, माझीच चूक झाली नाना. त्याच वेळी किरण आणि प्रमिलाबाई धापा टाकत गच्चीच्या दारात पोचले, आणि हे वाक्य ऐकून तिथेच उभे राहिले.

नानांनी बिल्ला हाताने वर करून पाहिला. मग ईश्वरीकडे बोट करून म्हणाले, "म्हनजे हाई पोर शेतकरी, आनि मी नही?"

"नाही, तसं नाही..." दिपमाला म्हणाली.

"तसंच आहे," रेशमा मॅडम म्हणाल्या. "वेळेचे पाचही गुण गेले. शिवाय शेतकऱ्याच्या हातात काहीतरी अवजार पाहिजे. तुमच्या हातात मोबाइल होता."

"मॅडम, ते खरे शेतकरी आहेत!" किरण दारातून ओरडला.

"असू देत. कागदावर तसा मुद्दा नाही."

"चाळीस वरीस मन्हा हातमा विळा शे," नाना म्हणाले. "आज एक दिन घर ठेवी उनू."

"आजच आणायला हवा होता," मॅडम म्हणाल्या.

नानांनी ईश्वरीला जवळ बोलावलं. "कांदा कव्हय लावतस व माय?"

ईश्वरीने विचार केला. "भजी करायची असली की."

आया हसल्या. नाना हसले नाहीत. दुसऱ्या नंबरची कंपासपेटी त्यांनी दोन्ही हातांनी घेतली, शेंगांची थैली प्रमिलाबाईंच्या पायाशी ठेवली आणि चपला शोधल्या. किरण आडवा आला. "नाना, जेवून तरी जा."

"खाले वना उभा शे," नाना म्हणाले आणि जिना उतरून गेले.

पुढचे आठ दिवस घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. तुरीच्या शेंगा उकडल्या आणि तशाच पातेल्यात राहिल्या. प्रमिलाबाई देवापुढे बसायच्या आणि देवाला ऐकू जाईल अशा बेताने सुनेला म्हणायच्या, "पहिले फेटा नही बांधा, आते दुसरा नंबर दिधा. आखो काय बाकी शे?" किरणने दोनदा फोन केला. तो उचलला गेला नाही. टी पार्टी हा शब्द त्याने तोंडाने काढला नाही, पण दूध पिताना तो असा काही श्वास सोडायचा, की दिपमालाला तो शब्द ऐकू यायचा.

शेवटी ती रेशमा मॅडमकडे गेली. "मॅडम, दोघांना मिळून पहिला देता आला तर? मी प्रमाणपत्र करून साक्रीला घेऊन जाते."

मॅडमनी कपाटातून कागद काढला. "वेशभूषा नऊ, बोलणं पाच, वेळ शून्य. चौदा. ईश्वरी एकोणीस. बोलण्याचे पूर्ण गुण दिलेत, बिबट्या फार चांगला होता. पण पाच गुण मी कुठून आणू?"

दिपमाला रडवेली होऊन खाली आली. आता येत्या रविवारी तिघांनी साक्रीला जायचं आणि नानांचे पाय धरायचे, असं ठरलं. फेटा नेण्याचंही ठरलं होतं, पण तो पाहून नाना जास्तच चिडतील की काय, यावर मायलेकांचा वाद चालू होता.

त्या वादातच फोन वाजला. नानांचा होता, आणि किरणच्या नव्हे, दिपमालाच्या फोनवर. तिने स्पीकर लावला. प्रमिलाबाईंनी सवयीने डोक्यावर पदर घेतला.

"नाना, माझं चुकलं..." दिपमालाने सुरुवात केली.

"ते ऱ्हाऊ दे. पुढला वरीसले कोनती तारीख शे?"

"कशाची?"

"चहानी, व माय! मी आठ दिनपाइन घड्याय लाई बोली राहिनू. वना घंटा वाजाडस. त्यान्हाकरता फोन बी आंगे ठेवत नही. पन दोन मिन्टमा मन्हा कांदा वाफाबाहेर निंघत नही."

दिपमालाला हसावं की रडावं कळेना. "नाना, पुढच्या वर्षी तुम्ही पाहुणे म्हणून या ना. आम्ही फेटा बांधू, सत्कार करू."

"सत्कार नही पाह्यजे. सत्कार कोन्हाबी व्हस. माले पहिला नंबर लेवाना शे." नानांचा आवाज खाली आला, जणू पलीकडे कुणी चोरून ऐकत होतं. "शेतकरी मी आते व्हत नही. त्यान्हामा ती पोर हुशार शे. मी तलाठी व्हसू."

"तलाठी?"

"त्याले बोलनं पडत नही. खुर्चीवर बॅग ठेवी देसू, आनि मी खाले चहा पेवाले निंघी जासू. त्या मास्तरीनबाईले आतेच सांगी ठेव, वीसपैकी वीस!"