दिघेकाकांचा पाचवा फाउल

आमच्या आळीत भांडण लागलं की शेजारचे दिघेकाका पहिला प्रश्न विचारत, "सामना कुठल्या पातळीचा?"

विहिरीवर दोन बायका घागरींवरून जुंपल्या तरी हाच प्रश्न. पोरांनी ढकलाढकली केली तर शालेय पातळी. चौथ्या फाउलला बाहेर. थोरांनी केली तर खुली पातळी, पाचव्याला बाहेर.

"थोरांना एक जास्त का हो?" आईनं एकदा विचारलं.

"वहिनी, थोर माणसं जास्त चुकतात. नियम करणाऱ्याला ते ठाऊक असतं."

काका कर्जत स्टेशनात तिकिटं तपासत आणि घरी एकटेच राहत. तरुणपणी मुंबईत शिकलेला बास्केटबॉल त्यांनीच गावात आणला. शाळेच्या मैदानात दोन सागाचे खांब पुरले आणि लोहाराकडून लोखंडी कडी करवून घेतली. गळ्यातली शिट्टी ते फक्त आंघोळीला काढत. एका लग्नात जिलबीसाठी कोपर मारणाऱ्या नवरीच्या मामाला त्यांनी भर पंगतीत शिट्टी वाजवून सुनावलं होतं, "कोपर! दोन झाले!"

मी मॅट्रिकला होतो त्या हिवाळ्यात आमच्या शाळेचा सामना रेल्वेच्या बाबूंशी ठरला. पंच अर्थातच काका. बाबूंचे कप्तान नाईकसाहेब. काकांची पाळी आणि रजा दोन्ही त्यांच्याच हातात. देहानं चांगले आडवे होते आणि अंगावर येऊन खेळत.

सुरुवातीलाच साहेब म्हणाले, "पोरांना चार फाउल, आम्हाला पाच. ज्याची त्याची पातळी."

काकांनी मेणकापडात गुंडाळलेलं नियमांचं पुस्तक काढलं आणि उभ्या उभ्या वाचायला लागले. दहा मिनिटं गेली. कशेळ्याच्या बाजाराहून परतणारी माणसं टोपल्या खाली ठेवून बसली. शेवटी काकांनी पुस्तक मिटलं.

"थोरांशी खेळायला उतरला तो आज थोरच. दोघांनाही पाच."

"दिघे, उद्या कामावर यायचंय ना?"

"येणार साहेब. सकाळची पाळी आहे."

त्या निकालानं मला वाचवलं. साहेबांना अडवता अडवता अर्ध्या खेळातच माझे चार फाउल झाले. काकांनी चारही वेळा माझ्याकडे बोट दाखवलं, एकदाही दयामाया नाही. पुढे मी हात अंगाला चिकटवूनच पळत होतो. शेवटचं मिनिट संपत आलं तेव्हा गुण सारखे होते आणि साहेबांचेही चार फाउल झाले होते. मी चेंडू घेऊन उडालो आणि साहेबांचा पंजा माझ्या दंडावर सणकन बसला.

शिट्टी वाजली.

"पाच," काका म्हणाले. मग टोपी सारखी करत, "साहेब, बाहेर."

"आरं, बाबूलाच काढला की रं!" गर्दीतून एक म्हातारा ओरडला. "ह्यो मानूस घाबरत नाय कुनाला!"

मला फ्री थ्रो मिळाला, कुणी न अडवता एक फेक. काकांनी चेंडू हातात दिला, चेहरा दगडासारखा. मी फेकला. आत! मग काय झालं ते मला नीट आठवत नाही. पोरांनी मला उचललं, कुणीतरी ढोल आणला, हेडमास्तरांनी स्वतःची टोपी हवेत उडवली. तालुक्यात रेल्वेच्या बाबूंना आजवर कुणी हरवलं नव्हतं!

संध्याकाळी गुलालानं माखलेला मी घरी निघालो, तर काकांनी ओटीवरून हाक मारली. आत स्टोव्हवर चहा होता. दोन कप मांडून ठेवले होते.

"वसंता, तो चेंडू आत कसा पडला रे?"

"म्हणजे? तुम्ही समोरच तर होतात."

काकांनी चहात साखर टाकली.

"डोळे मिटले होते मी. पंचानं कुणाची बाजू घ्यायची नसते. बघितलं असतं तर तोंडावर दिसलं असतं. गलका झाला तेव्हा कळलं." मग हळूच म्हणाले, "कुणाला सांगू नकोस."

मी सांगितलं. चेंडू आधी मागच्या फळीवर लागला, मग कड्यावर आपटला, कडेकडेनं फिरला, क्षणभर थांबला आणि आत घसरला. चहा उतू गेला तरी काकांचं लक्ष नव्हतं.

"अजून एकदा सांग," ते म्हणाले. "कड्यावर आपटला तिथपासून. सावकाश."